घोडा, पैज आणि ‘खात्रीची टिप’

काही आठवड्यांपूर्वी आमच्या हाती एक पत्र आले. पत्रलेखक मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातील असून सध्या ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम येथे नोकरीस आहे. नाव प्रसिद्ध करू नये अशी त्याची विनंती आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात, रमजान सुरू असताना, तेथून जवळच असलेल्या चेल्टनहॅम येथे घोड्यांच्या अडथळा-शर्यतींचा वार्षिक मेळा भरला होता. कचेरीतील सहकाऱ्यांनी एक खेळ काढला: प्रत्येकाने एकेक ‘टिपस्टर’ निवडायचा, म्हणजे कोणता घोडा जिंकेल हे आधी सांगणारा जाणकार. चारही दिवस त्याचे अंदाज वहीत उतरवायचे आणि शेवटी कोणाचा जाणकार सरस ठरला ते पाहायचे. यात पैशाचा संबंध नव्हता. आमचा हा तरुण मंगळवारी व बुधवारी केवळ वही भरत राहिला. गुरुवारी त्याने मोबाइलवर खाते उघडून पाच पौंड लावले. घोडा जिंकला आणि खात्यात तीस पौंड आले. शुक्रवारी चार डावांत त्यांतील वीस पौंड गेले. दहा पौंड अजून तसेच पडून आहेत.

तो लिहितो, “रकमेचे मला काही वाटत नाही. पण त्या शुक्रवारी माझी अस्रची नमाज राहून गेली. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिले दोन दिवस मी जे करत होतो, तो जुगार होता का? टिपस्टर घोड्याचा अभ्यास करून सांगतो, मग त्याला नशिबाचा खेळ कसे म्हणावे? आणि या दहा पौंडांचे काय करू?”

प्रश्न प्रामाणिक आहेत. शिवाय ते एकट्या त्याचे नाहीत. महालक्ष्मी आणि पुणे येथील रेसकोर्सच्या वाटेवर टिपांची पुस्तके चाळणारे आपलेही लोक आहेत. म्हणून त्यांचा विचार सविस्तर केला पाहिजे.

प्रथम घोड्याविषयी. इस्लामने घोडा आणि त्याची धाव यांना कमी लेखलेले नाही. कुरआनच्या ‘अल्-आदियात’ या शंभराव्या सूरहचा आरंभच धापा टाकत दौडणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत स्वतः घोड्यांच्या शर्यती लावल्या. सहीह बुखारीत हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची रिवायत आहे. तिच्यानुसार खास तयार केलेले, म्हणजे खुराक व सराव देऊन सडपातळ व काटक बनवलेले घोडे हफ्या या ठिकाणापासून सनियतुल-वदापर्यंत धावले. ज्यांची अशी तयारी नव्हती, त्यांना सनियतुल-वदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचे कमी अंतर देण्यात आले. स्वतः इब्ने उमर (रजि.) या शर्यतीत भाग घेणाऱ्यांपैकी होते. तयार व अतयार घोड्यांत अंतराचा भेद करण्यातील न्यायबुद्धी पाहा. आजच्या शर्यतींत सरस घोड्यावर अधिक वजन लादून बरोबरी साधतात. तिचे हे जुने आणि अधिक दयाळू रूप म्हणावे लागेल.

अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या हदीस-संग्रहांत उंट, घोडा आणि तिरंदाजी या तीन स्पर्धांमध्ये बक्षीस ठेवण्याची मुभा आलेली आहे. त्यावरून फुकहांनी सीमा आखल्या. बक्षीस शासकाने किंवा त्रयस्थाने दिले तर जायज. दोन स्पर्धकांपैकी एकानेच ठेवले तरी जायज. मात्र दोघांनीही रक्कम लावायची आणि जिंकणाऱ्याने दोन्ही उचलायच्या, अशी अट होताच तो मैसिर, म्हणजे जुगार होतो. बहुतेक इमामांनी यातून एकच वाट ठेवली: काहीही न लावणारा तिसरा स्पर्धक, ज्याला ‘मुहल्लिल’ म्हणतात, खऱ्या बरोबरीने मैदानात उतरला पाहिजे. ही सर्व चर्चा प्रत्यक्ष धावणाऱ्या स्पर्धकांपुरती आहे, हे ध्यानात असू द्या. कठड्यामागे उभे राहून किंवा शंभर मैलांवर मोबाइल हातात धरून दुसऱ्याच्या घोड्यावर रक्कम लावणाऱ्याला या सवलतीत कोठेही जागा नाही. मुस्नद अहमदमधील एका रिवायतीत घोड्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत: रहमानचा, माणसाचा आणि सैतानाचा. ज्याच्यावर जुगार खेळला जातो तो या तिसऱ्या प्रकारात मोडतो. बिचाऱ्या घोड्याचा यात काही दोष नाही. तोच घोडा, तीच धाव; माणसाच्या व्यवहाराने त्याचे नाव बदलते.

आता चेल्टनहॅमकडे वळू. ग्लॉस्टरशायर परगण्यात, क्लीव्ह टेकडीच्या पायथ्याशी हे मैदान आहे. २००५ पासून मेळा चार दिवसांचा झाला. मंगळवार ते शुक्रवार, रोज सात याप्रमाणे एकूण २८ शर्यती होतात आणि चार दिवसांत मिळून दोन लाखांहून अधिक लोक येतात. सपाट मैदानावरील वेगाची शर्यत येथे नसते. घोड्याला कुंपणे ओलांडत दोन मैलांपासून साडेतीन मैलांहून अधिक अंतर धावावे लागते आणि अखेरीस दमछाक करणारा चढ येतो. शुक्रवारची ‘गोल्ड कप’ ही सर्वांत मानाची शर्यत. अडथळा-शर्यत म्हणून ती १९२४ मध्ये प्रथम झाली. सव्वातीन मैलांहून अधिक अंतरात घोड्याला २२ कुंपणे पार करावी लागतात. मानाच्या घोड्यांची नावे तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ‘गोल्डन मिलर’ने १९३२ ते १९३६ अशी सलग पाच वर्षे हा चषक जिंकला, ‘आर्कल’ने १९६४ ते १९६६ अशी तीन वर्षे. घोडेस्वाराचे धैर्य आणि जनावराचा जोम पाहून मन प्रसन्न होणे स्वाभाविक आहे. त्याचबरोबर पडून जायबंदी झालेले आणि जागीच प्राण गमावलेले घोडेही या मेळ्याने पाहिले आहेत. मुक्या जनावराला करमणुकीसाठी किती राबवावे, हा प्रश्न या लेखाचा नसला तरी मनात राहू द्यावा.

या मैदानाभोवती जो बाजार उभा राहतो, त्याच्यावाचून हे मैदान आज चालूही शकत नाही. ब्रिटनमध्ये १९६१ च्या कायद्याने बुकींच्या नफ्यातून एक पट्टी वसूल होते आणि तिच्यातून शर्यतींच्या बक्षिसांना पैसा पुरवला जातो. पैजेच्या जोडीला मद्याचे तंबू असतातच. सूरह अल्-माइदाच्या ९० व्या व ९१ व्या आयतींत मद्य आणि जुगार एकत्र का आले आहेत, याचे उत्तर येथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आली आहे, जिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. ती म्हणजे ‘अजलाम’, कौल घेण्याचे बाण.

इस्लामपूर्व अरब प्रवास, विवाह, व्यापार अशा कामांपूर्वी हे बाण काढून होय-नाही ठरवत. काबागृहात हुबल या मूर्तीपाशी ते ठेवलेले असत. मक्का-विजयाच्या वेळी काबागृहात हजरत इब्राहीम (अ.) व हजरत इस्माईल (अ.) यांची चित्रे आढळली, चित्रकाराने त्यांच्या हातात हेच बाण दिले होते. ते पाहून प्रेषित (स.) यांनी तीव्र संताप व्यक्त केला आणि या दोघांनी असा कौल कधीही घेतला नव्हता, हे स्पष्ट केले. जुगाराचे बाण वेगळे. त्यांची संख्या दहा. सातांवर एक ते सात असे वाटे आणि तीन कोरे. उंट कापून वाटे ठरत आणि कोरा बाण ज्याच्या नावे निघे, त्याने उंटाची किंमत भरायची. अस्मई या अरबी भाषापंडिताच्या मते सातही बाणांचे मिळून २८ वाटे होत. चेल्टनहॅमच्या शर्यतीही २८ आहेत. हा निव्वळ योगायोग, त्याला अर्थ चिकटवू नये. योगायोगाला अर्थ चिकटवण्याच्या सवयीवरच तर टिपस्टरचा धंदा चालतो. जिंकलेले मांस ते अरब गरिबांना वाटून टाकत. तरीही सूरह अल्-बकराच्या २१९ व्या आयतीत लोकांसाठी काही लाभ असल्याचे मान्य करून त्याहून पाप मोठे असल्याचे सांगितले आहे. दानधर्माची झालर लावली म्हणून मैसिर तेव्हाही हलाल झाला नाही.

आता आपल्या तरुणाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण खरी मेख तेथे आहे. टिपस्टर अभ्यास करतो, हे खोटे नाही. मैदान ओले की कोरडे, घोडा किती अंतराला टिकतो, जॉकी कोण, वजन किती, मागच्या धावांत काय झाले, हे सर्व तो पाहतो. त्याला काहिन, म्हणजे भविष्यवेत्ता, म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न असा की हे ज्ञान तुमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा त्याचे काय झालेले असते?

एक हिशेब करून पाहा. दोनच घोडे आहेत आणि दोघांची संधी अगदी सारखी आहे. न्यायाने भाव एकास एक हवा. बुकी मात्र सहा पौंडांवर पाच देतो. दोन गिऱ्हाइकांनी एकेका घोड्यावर सहा-सहा पौंड लावले तर त्याच्याकडे बारा जमतात. जिंकणाऱ्याला तो अकरा परत करतो आणि एक स्वतःजवळ ठेवतो. कोणताही घोडा जिंको. वीस-बावीस घोडे धावतात तेव्हा हा वाटा प्रत्येक भावात थोडा थोडा मुरवलेला असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. टिपस्टरला आधी ही भिंत ओलांडावी लागते, मग नफ्याची गोष्ट. शिवाय नावाजलेल्या टिपस्टरने घोड्याचे नाव घेताच हजारो लोक त्याच्यावर तुटून पडतात आणि भाव घसरतो. जो लाभ त्याने हेरला असेल, तो तुमच्या हाती येईतो विरून गेलेला असतो.

समजा, एका टिपस्टरने २८ शर्यतींत सात विजेते बरोबर सांगितले. चारात एक! कचेरीत त्याची वाहवा होईल. त्या सात घोड्यांचा सरासरी भाव दोनास एक होता असे धरू. प्रत्येक शर्यतीत दहा पौंड लावणाऱ्याचे २८० पौंड गेले आणि हाती आले सात वेळा तीस, म्हणजे २१०. सात विजयांचा आनंद साजरा करून तो माणूस सत्तर पौंडांनी गरीब झाला. वहीत हे दिसते का? वहीत सात बरोबरच्या खुणा दिसतात.

त्याहून विलक्षण गोष्ट २००८ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर डेरेन ब्राऊन या कलावंताने करून दाखवली. एका स्त्रीला शर्यतींच्या टिपा येत गेल्या आणि प्रत्येक टिप खरी ठरली. तिचा पूर्ण विश्वास बसल्यावर रहस्य उघड झाले. प्रथम ७७७६ लोकांना टिपा पाठवल्या होत्या. सहा घोडे, सहा गट, प्रत्येक गटाला वेगळा घोडा. जिंकलेल्या घोड्याचा गट ठेवायचा, बाकीचे सोडून द्यायचे. ७७७६ चे १२९६ झाले, मग २१६, मग ३६, मग ६ आणि शेवटी एक. त्या एकीच्या दृष्टीने तिला मिळालेला माणूस त्रिकालज्ञानीच होता. ज्यांचे घोडे हरले ते हजारो लोक तिला दिसतच नव्हते.

फसवण्याचा हेतू नसतानाही हेच घडते. शंभर टिपस्टर बोलत असतात. त्यांतील काहींचे भाकीत सलग खरे ठरणारच. आपण मेळा संपल्यावर त्यांचीच नावे ऐकतो. पूर्वी ब्रिटनच्या मैदानांवर रास प्रिन्स मोनोलुलू नावाचा एक टिपस्टर पिसांचा मुकुट घालून बंद लिफाफ्यांतून टिपा विकत असे. आपण अॅबिसिनियाच्या एका टोळीचे सरदार आहोत असे तो सांगे. प्रत्यक्षात तो वेस्ट इंडीजमधील एका बेटावरचा होता. १९२० च्या डर्बीत ‘स्पायन कॉप’ या घोड्यावर त्याने मोठी रक्कम जिंकली आणि त्या एका विजयावर पुढे चार दशके त्याचे नाव चालले. त्याने विकलेल्या लिफाफ्यांपैकी किती रिकामे ठरले, याची आठवण कोण ठेवतो? आज लिफाफा गेला आणि मोबाइलचा पडदा आला. अनेक टिपस्टर टिपेसोबत बुकीच्या कंपनीचा दुवा देतात. त्यावरून तुम्ही खाते उघडले की त्यांना मोबदला मिळतो. काही करारांत तर तुमच्या गमावलेल्या रकमेतील हिस्सा मिळतो. टिप देणारा तुमच्या पराभवावर पोट भरत असेल, तर त्याच्या ‘अभ्यासाला’ सल्ला म्हणावे काय, हे तुम्हीच ठरवा. टिपस्टर आपल्या दिवसाच्या सर्वांत खात्रीच्या टिपेला ‘नॅप’ म्हणतात. हा शब्दही ‘नेपोलियन’ नावाच्या पत्त्यांच्या खेळातून आलेला आहे. खात्रीला नाव मिळाले तेही पत्त्यांच्या डावातून!

आणि खात्रीचे काय होते ते चेल्टनहॅमनेच वारंवार दाखवले आहे. १९९० च्या गोल्ड कपमध्ये ‘नॉर्टन्स कॉइन’ नावाचा घोडा एकास शंभर भावाने जिंकला. त्याचा मालक व प्रशिक्षक वेल्समधील एक दूधवाला शेतकरी होता. त्या दिवशी सकाळी गाईंचे दूध काढून मग तो मैदानावर आला होता. याउलट २०१५ चा पहिला दिवस. एकाच आयरिश प्रशिक्षकाचे चार घोडे जवळजवळ सर्वांच्या टिपेत होते आणि लक्षावधी लोकांनी चौघांवर मिळून साखळी-डाव लावले होते. डूव्हाँ जिंकला, उन द सो जिंकला, फॉगीन जिंकला. चौथी घोडी अॅनी पॉवर शेवटच्या अडथळ्यापर्यंत आघाडीवर होती. तेथे ती पडली. बुकींचे कोट्यवधी पौंड वाचल्याचे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी छापले. ती शर्यत जिंकणारी घोडीही त्याच प्रशिक्षकाच्या तबेल्यातील होती! म्हणजे अभ्यास चुकला असेही म्हणता येत नाही. एका घोडीचे पाऊल क्षणभर चुकले. तो क्षण कोणाच्या अभ्यासात येणार होता?

आपल्या देशात काही जण सर्वोच्च न्यायालयाचा दाखला देतात. १९९६ मध्ये तामिळनाडूच्या एका खटल्यात न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले, हे खरे आहे. पण तो निर्णय कायद्याच्या शब्दांविषयी आहे. शरीयतची कसोटी निराळी आहे. प्रत्येकाने रक्कम लावायची, एकाची बुडाली म्हणून दुसऱ्याची वाढायची आणि मोबदल्यात वस्तू, श्रम वा सेवा काहीच द्यायचे नाही, हे ज्या व्यवहारात आहे तो मैसिर होय. मग त्यात कौशल्य एक आणा असो की पंधरा आणे. ‘मैसिर’ या शब्दाचा संबंध भाषापंडित ‘युस्र’शी, म्हणजे सुलभतेशी जोडतात: कष्टाविना हाती येणारे धन. टिपस्टर या सुलभतेला अभ्यासाचा पोशाख चढवतो. साधा जुगारी निदान आपण नशीब अजमावतो आहोत हे जाणतो आणि कधीतरी लाजतो. टिपेमागे जाणाऱ्याची लाज संपते, कारण आपण विचारपूर्वक गुंतवणूक करतो आहोत असे त्याला वाटू लागते. आमच्या मते टिपेचे मोठे नुकसान पैशात मोजण्याचे नाही. ती तौबेची वाट अडवते. ज्याला आपले कृत्य चूक वाटतच नाही, तो परतेल कशाला?

मग पहिले दोन दिवस? पैसे लावले नव्हते, तेव्हा तो मैसिर नव्हता. पत्रलेखकाला त्या दोन दिवसांसाठी जुगारी म्हणणार नाही. पण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील एक शिकवण त्याने आठवावी: जो आपल्या सोबत्याला केवळ ‘चल, जुगार खेळू’ असे म्हणेल, त्याने सदका द्यावा. खेळणे दूरच, नुसत्या निमंत्रणालाही भरपाई सांगितली आहे. कारण पाप दारात येते ते निरुपद्रवी रूपाने. मंगळवारी वही होती, बुधवारी वहीत आपला टिपस्टर पुढे गेल्याची फुशारकी होती, गुरुवारी पाच पौंड होते. वाचकहो, तीन दिवसांत एक रोजेदार कोठून कोठे गेला ते पाहा. टिपा पाळण्याचा खेळ माणसाला नेमकी हीच सवय लावतो: न लावलेले पैसे वहीत जिंकलेले पाहणे आणि हळहळणे.

माइदाच्या ९१ व्या आयतीत सैतानाचे दोन हेतू सांगितले आहेत: आपसांत वैर व द्वेष पेरणे आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखणे. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे हा मेळा रमजानमध्ये आला. पहिली शर्यत दुपारी दीडच्या आत-बाहेर, शेवटची साडेपाचच्या सुमारास. जुहरच्या वेळेत आरंभ आणि इफ्तारला पाऊण तास उरताना समाप्ती. गोल्ड कप शुक्रवारी दुपारी चारच्या आसपास. शाफई पद्धतीने, जिचे अनुसरण आपले कोकणी बांधव करतात, मार्चच्या मध्यास तेथे अस्रची वेळ साडेतीनच्या सुमारास सुरू होते. तो तरुण जुमाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्या उतरतानाच मोबाइल उघडून बसला, असे त्यानेच लिहिले आहे. चार शर्यती, चार डाव, मग इफ्तारची धावपळ. अस्रला कोणी हात धरून अडवले नव्हते. वेळच उरला नाही.

आता दहा पौंडांविषयी. त्यांतील पाच पौंड त्याने स्वतःच्या कमाईतून टाकले होते. ते त्याने परत घ्यावेत. उरलेले पाच त्याचे नाहीत. बुकीच्या कंपनीला ते परत करणे म्हणजे त्याच धंद्याला बळ देणे होय. अशी रक्कम पुण्याची अपेक्षा न धरता एखाद्या गरजवंताला देऊन टाकावी, असे बहुसंख्य उलेमा सांगतात. तिच्यातून स्वतःचे देणे फेडू नये आणि ती जकातीतही मोजू नये. शुक्रवारी गमावलेले वीस पौंड शोधण्याचा विचारही मनात आणू नये; ‘गेलेले परत मिळवू’ हा सैतानाचा सर्वांत जुना भाव आहे.

खाते बंद करताना कंपनी सवलतीचे आमिष दाखवील, ते नाकारावे. ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ नावाची विनामूल्य सोय आहे. तेथे नाव नोंदवले की परवानाधारक सर्व ऑनलाइन कंपन्यांना सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे त्या माणसाला खेळू देता येत नाही. त्याने पाच वर्षांची मुदत निवडावी. पुढील मार्चमध्ये कचेरीत पुन्हा वही निघेल, तेव्हा सहकाऱ्यांना रागावून नव्हे, हसून सांगावे की मी यंदा यात नाही. कारण विचारले तर खरे सांगावे. आणि त्या शुक्रवारच्या अस्रची कजा अजून अदा केली नसेल, तर हे पान वाचून होताच उठून वुजू करावे.